आल्प्समधल्या शांत गावात स्कीची सुटी: कुठलं गाव, कुठला आठवडा, आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी आणि पासष्टी ओलांडलेल्या सासूबाई. तुमच्या नवऱ्याने पूर्वी थोडंफार स्कीइंग केलंय, तुम्ही आणि मुलगी पहिल्यांदाच पायांत स्की अडकवणार, सासूबाई स्की करणार नाहीत. जानेवारी ते मार्चमधला कुठलाही आठवडा चालेल. आल्प्समधलं मोठं, गजबजलेलं केंद्र नको, लहान शांत गाव हवं. तर गाव कुठलं, जायचं कधी आणि आधी काय काय बुक करायचं?

नवशिक्यांना स्की शिकवण्यात मी बरेच हिवाळे घालवले आहेत आणि आता मुख्यतः अशाच कुटुंबांच्या सहली आखून देते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

गाव निवडताना बहुतेक जण आधी डोंगराचा आकार बघतात: किती किलोमीटर पिस्ट (म्हणजे यंत्राने दाबून तयार केलेले उतार), किती लिफ्ट (म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या दोरीच्या सोयी). तुमच्यासाठी तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. तुमचा आठवडा कसा जाणार हे तुमच्यातल्या सर्वांत नवख्या व्यक्तीच्या पहिल्या तीन दिवसांवर ठरेल. ते तीन दिवस सोपे गेले तर चौथ्या दिवसापासून मुलगी तुमच्या आधी बूट घालून दारात उभी राहील. ते तीन दिवस थंडी, दुखरे पाय आणि लांबच्या बसमध्ये गेले, तर पुढचे 200 किलोमीटर पिस्ट कोणाच्याही कामाचे नाहीत. शिवाय लहान गावात आयत्या वेळी काही मिळत नाही. भाड्याच्या सामानाचं दुकान एक, स्की शाळा एक, किराणा एक, आणि तोही दुपारी बंद. म्हणून शांत गाव निवडलं की आखणी जास्त करावी लागते.

‘शांत’ म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय, हे आधी घरात ठरवा. गाड्या नसलेलं गाव वेगळं, रात्रीचा धांगडधिंगा नसलेलं वेगळं आणि लिफ्टपाशी रांग नसलेलं वेगळं. तिन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी क्वचित मिळतात. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला मोटारचा रस्ताच जात नाही, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या रेल्वेनेच चढावं लागतं. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे उतरून गेले की गाव खरोखर निवांत होतं. पण त्याच वेंगेनमध्ये 1930 पासून लाउबरहॉर्नची स्की शर्यत होते. स्कीइंगच्या विश्वचषकातली ही सर्वांत लांब डाउनहिल (डोंगरावरून खाली वेगाची शर्यत), सुमारे साडेचार किलोमीटरची. जानेवारीच्या मध्यावर त्या शनिवार-रविवारी गावात हजारो प्रेक्षक लोटतात. समोरच्या म्युरेनमध्येही जानेवारीत इन्फर्नो शर्यत असते, ती 1928 पासून चालू आहे. तेव्हा गावाच्या नावाबरोबर त्या आठवड्यात तिथे काय आहे, हेही बघा. गावाच्या पर्यटन कार्यालयाला एक ईमेल पाठवलात की उत्तर येतं.

आता आठवडा. तुमच्याकडे तारखांची मोकळीक आहे, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. नाताळ ते 6 जानेवारी टाळाच. फेब्रुवारीचा बराचसा भागही टाळा. फ्रान्सच्या शाळांना तेव्हा विभागवार सुटी असते, जर्मनीतल्या अनेक राज्यांना कार्निव्हलच्या आसपास, ब्रिटनला महिन्याच्या मध्यावर, ऑस्ट्रियात सत्रांती सुटी. सगळ्यांची सुटी एकमेकांवर येते आणि भावही चढतात. उरतात दोन चांगले तुकडे: साधारण 10 जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंत, आणि मार्चचे पहिले दोन आठवडे. जानेवारीच्या त्या मंदीला जर्मन बोलणारे हॉटेलवाले ‘यानुआरलोख’, म्हणजे जानेवारीचा खड्डा म्हणतात. खोल्या स्वस्त मिळतात आणि लिफ्ट रिकाम्या असतात. पण दिवस लहान, थंडी कडक, आणि तीन वाजता सावली पडली की लहान मुलं लगेच गारठतात. मार्चमध्ये ऊन असतं, दिवस मोठा असतो, डोंगरावर बर्फाचा थरही बहुधा जानेवारीपेक्षा जाड असतो. मात्र दुपारनंतर खालचे उतार ओले आणि जड होतात. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी मार्च सुचवेन, गाव पुरेसं उंच असेल तर.

उंचीचं गणित समजून घ्या. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 1000 मीटरवर पाऊस पडत असताना 2000 मीटरवर हिमवर्षाव चालू असतो तो यामुळेच. बर्फाची खात्री असलेलं केंद्र कशाला म्हणायचं याचा एक जुना ठोकताळा आहे: मोसमात किमान 100 दिवस 30 सेंटिमीटर बर्फ. ही रेषा आता वर सरकते आहे. ओईसीडी या प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2007 च्या अहवालाने तापमान 1 अंशाने वाढलं की ती सुमारे 150 मीटर वर जाते असा हिशेब मांडला होता. यंत्राने केलेला बर्फ मदतीला असतो, पण त्यालाही कोरडी, शून्याखालची थंडी लागते. नवशिक्यांसाठी आणखी एक बारकावा: गावाची उंची बघून थांबू नका, नवशिक्यांचा उतार किती उंचीवर आहे ते बघा. काही गावांत तो खाली दरीत असतो आणि पावसात सगळ्यात आधी त्याचीच वाट लागते. काही ठिकाणी तो गोंडोलाच्या (बंद डब्यांच्या रोपवेच्या) मधल्या स्थानकाजवळ असतो. तिथे बर्फ चांगला राहतो, पण पोरीला शौचालयाला जायचं असेल किंवा सासूबाईंना तिला बघायचं असेल तर प्रत्येक वेळी तिकीट आणि फेरी आलीच.

मग पिस्टचा नकाशा उघडा. सगळ्या केंद्रांचे नकाशे नेटवर असतात. निळा रंग सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याच्या खाली हिरवाही असतो. ऑस्ट्रियाच्या मानकानुसार निळ्याचा चढ 25 टक्क्यांपर्यंत आणि लालचा 40 टक्क्यांपर्यंत असतो, पण प्रत्यक्षात निळ्या-निळ्यांत फार फरक पडतो. रुंद, मोकळा निळा उतार आणि जंगलातून जाणारी अरुंद निळी वाट या नवख्याच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर मी तीन गोष्टी शोधते. एक, लांब निळ्या उतारांची साखळी आहे का, की एकुलता एक निळा तुकडा लाल उतारांमध्ये अडकलाय. दोन, त्या उतारांवर लिफ्ट कुठल्या आहेत. ज्या लिफ्ट स्कीवर उभं असतानाच ओढत नेतात, त्या टी-बार आणि बटण लिफ्टवर मुलं पडतात आणि रडकुंडीला येतात. पहिल्या दोन दिवसांत सरकता पट्टा, म्हणजे मॅजिक कार्पेट, असलेला उतार मिळाला तर देव पावला. तीन, गावापर्यंत परत यायला निळी वाट आहे का. नसेल तरी चालतं, गोंडोलातून खाली उतरता येतं. मात्र शेवटची गोंडोला किती वाजता आहे ते रोज सकाळी बघून ठेवायचं.

झाडांकडेही लक्ष द्या. हिमवर्षाव किंवा धुक्यात झाडांच्या वरच्या भागात आकाश आणि उतार एकच पांढरा होतो, पायाखालचा खड्डाही दिसत नाही. झाडांच्या पट्ट्यात कडा दिसतात, अंदाज येतो. उंच, उघड्या गावात एखादा दिवस असा वाया जाऊ शकतो, हे धरून चला.

आता गावं सांगते. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातलं बेटमेराल्प. सुमारे 1950 मीटर उंचीवर, ऱ्होन नदीच्या दरीवरच्या उन्हाच्या सज्जावर वसलेलं, मोटारी नसलेलं गाव. ब्रिगहून रेल्वेने बेटेनच्या खालच्या स्थानकावर यायचं आणि तिथून रोपवेने थेट गावात. हिवाळ्यात रस्त्यांवर दाबलेला बर्फच असतो, त्यामुळे बहुतेक घरांच्या दारातून स्की घालून निघता येतं. नवशिक्यांचा उतार गावातच आहे, म्हणजे मुलगी शिकत असताना सासूबाई बाकावर बसून बघू शकतात. रीडराल्प आणि फिशराल्पसह हा सगळा भाग आलेच अरेना म्हणून जोडलेला आहे, 104 किलोमीटर पिस्टचा. तुमच्या नवऱ्याला आठवडाभर पुरून उरेल. सासूबाईंसाठी खरं आकर्षण म्हणजे बेटमेरहॉर्नची गोंडोला. स्की न करणाऱ्यांनाही ती वर नेते आणि सुमारे 2650 मीटरवरून आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, समोर पसरलेली दिसते. हा परिसर 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दोन उणिवा आहेत. उतार मुख्यतः दक्षिणेकडे उतरतात, म्हणून मार्चमध्ये धडे सकाळचेच घ्या, दुपारी दोननंतर बर्फ लापशीसारखा होतो. आणि रस्त्यांवरच्या दाबलेल्या बर्फावरून चालायला सासूबाईंच्या बुटांना खाली लावायचे काटे हवेतच.

सासूबाईंना चालण्याचा त्रास असेल तर वेंगेन बघा, शर्यतीचा आठवडा सोडून. तिथे त्या रेल्वेत बसून 2061 मीटरवरच्या क्लाइनं शाइडेगला येऊ शकतात आणि तुम्ही स्कीवरून तिथेच जेवायला भेटू शकता. आयगर शिखराची उत्तर भिंत डोक्यावर उभी असते. घरातल्या स्की न करणाऱ्या माणसाला दिवसाच्या मधोमध सगळ्यांत सामील होता येणं, ही सोय आल्प्समध्ये फार थोड्या जागी इतकी सहज आहे. म्युरेन दिसायला त्याहून सुंदर, पण उतार तीव्र आहेत. पहिल्या सहलीला नको.

खर्चाचा विचार मुख्य असेल तर ऑस्ट्रियाच्या टिरोलमधलं आल्पबाख. लाकडी घरांचं गाव, तसंच बांधायचा नियम गावाने 1950 च्या दशकापासून पाळलाय. गाव फक्त 1000 मीटरच्या आसपास, म्हणून तिथे जानेवारी निवडा, मार्च नको. मुख्य गोंडोलापर्यंत स्की बस घ्यावी लागते. ऑस्ट्रियातल्या कौटुंबिक हॉटेलांत हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, बहुधा भाड्यातच असतं. दमून आल्यावर जेवण शोधत फिरावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा. केझश्पेट्झलं (चीज घातलेल्या जाड शेवया), पालकाचे क्न्योडल (उकडलेले गोळे) असे पदार्थ मिळतात, पण रश्श्यात मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून स्पष्ट विचारावं.

फेंट, झुल्डन, बोनव्हाल-स्यूर-आर्क ही नावंही तुम्हाला शोधताना दिसतील. ऑस्ट्रियातलं फेंट आणि इटलीतलं झुल्डन सुमारे 1900 मीटरवर, फ्रान्समधलं बोनव्हाल 1800 वर. तिन्ही दरीच्या टोकाची, अस्सल शांत गावं, आणि माझ्या फार आवडीची. पण नवख्या कुटुंबाने दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जावं. याचं कारण रस्ता. दरीच्या टोकाच्या गावाला एकच वाट असते आणि मोठ्या हिमवर्षावात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे ती बंद करतात. 23 फेब्रुवारी 1999 ला टिरोलमधल्या गाल्ट्यूर गावावर हिमस्खलन कोसळलं, तिथे 31 माणसं गेली, आणि त्या दिवसांत दरी बाहेरच्या जगापासून तुटलेली होती. जानेवारी 2018 मध्ये झरमाटसारख्या मोठ्या गावात हजारो पर्यटक अडकले होते. यात घाबरण्यासारखं काही नाही. रस्ता बंद असतो तेव्हा गावात थांबणं हेच सुरक्षित असतं. पण परतीच्या विमानाच्या आदली रात्र विमानतळाच्या शहरात काढा. एका रात्रीचं भाडं वाचवायला जाऊन चार तिकिटं बुडवू नका.

येण्या-जाण्याला स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेच घ्या. झुरिक विमानतळावरून वेंगेन किंवा बेटमेराल्पला साधारण तीन ते चार तास लागतात आणि गाड्या बदलणं सोपं असतं. गावाच्या रोपवेची शेवटची फेरी आणि विमान उतरण्याची वेळ जुळते का तेवढं तपासा. सामान न्यायला हॉटेलचं कोणी येतं का, तेही विचारा. मोटार भाड्याने घेणारच असाल तर शनिवार टाळा. बहुतेक भाडेकरू शनिवार ते शनिवार येतात आणि फ्रान्समधल्या मूतिएकडे जाणारा रस्ता किंवा ऑस्ट्रियातली फर्न खिंड त्या दिवशी तासन्‌तास तुंबते. जानेवारीत अनेक हॉटेलं रविवारी यायलाही परवानगी देतात.

स्की शाळेबद्दल लहान गावांची एक अडचण कोणी सांगत नाही. गटाचे धडे स्वस्त पडतात, पण मंदीच्या आठवड्यात इंग्रजी बोलणाऱ्यांचा गट भरतच नाही. मग तुमची मुलगी जर्मन किंवा फ्रेंच मुलांच्या गटात जाते, किंवा गट रद्द होतो. 11 वर्षांची मुलं परक्या भाषेतही बघून शिकतात, मोठ्यांना मात्र ते जड जातं. म्हणून खोली बुक करण्याआधी शाळेला लिहा: अमुक आठवड्यात इंग्रजी गट नक्की होणार का, किमान किती जण लागतात, नाही झाला तर त्याच पैशांत खासगी धडे किती तासांचे मिळतील? तुम्ही आणि मुलीने दोघींनी मिळून रोज दोन तासांचा खासगी शिक्षक घेतला, तर खर्च दोघींत वाटला जातो आणि प्रगती झपाट्याने होते. चार दिवस धडे, मध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी सुटी. स्कीवरच्या दुखापती थकलेल्या पायांना होतात. ‘एकच शेवटची फेरी’ हा हट्ट घरातल्या कोणालाच करू देऊ नका. नवऱ्यालाही पहिल्या सकाळी एक धडा घ्यायला लावा, जुन्या सवयी सुधारतात. आणि त्याने तुम्हाला शिकवायचं नाही, हे आधीच ठरवून टाका.

स्कीपास घेताना पूर्ण विभागाचा आठवड्याचा पास तिघांसाठी घेऊ नका. मोठ्या केंद्रांत प्रौढाचा एका दिवसाचा पास 70 युरोच्या वर गेला आहे. तुम्हा दोघींना पहिले दोन-तीन दिवस फक्त नवशिक्यांच्या लिफ्टचं तिकीट किंवा पॉइंट कार्ड (दर फेरीला पॉइंट कापणारं) पुरतं. शिक्षक म्हणेल त्या दिवशी मोठा पास काढा.

सामानात बूट महत्त्वाचे, बाकी सगळं त्यानंतर. पहिल्या सहलीला काहीही विकत घेऊ नका, स्की, बूट, काठ्या, हेल्मेट भाड्याने मिळतात. गावात पोहोचलात त्याच संध्याकाळी दुकानात जा, धड्याच्या सकाळी नको. बूट घालताना आत एकच पातळ, लांब मोजा. दोन मोजे घातले की पाय जास्त गारठतात, कारण रक्तप्रवाह दबतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी दुखलं तर लगेच बदलून घ्या, दुकानदारांना ते रोजचंच आहे. बाइंडिंग, म्हणजे पडल्यावर बूट सोडवणारा खटका, वजन, उंची, वय आणि कौशल्य यांवरून लावतात. वजन लाजून कमी सांगू नका, आणि आपण नवखे आहोत हेही सांगा. गुडघ्याची सुरक्षितता त्यावर आहे.

कपड्यांत सुती काहीही अंगाला लागून नको, घाम शोषून ते ओलं राहतं. थर्मल, त्यावर फ्लीस, वर पाणी न झिरपणारं जॅकेट आणि पँट, मुलीला हातमोज्यांच्या दोन जोड्या. ताजा बर्फ अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत परतवतो, म्हणून ढगाळ दिवशीही सनस्क्रीन आणि गॉगल, अगदी बाकावर बसलेल्या सासूबाईंनाही.

विमा नीट वाचा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा) किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि लोक तेवढीच पॉलिसी घेतात. अशा अनेक पॉलिसींमध्ये स्कीइंग वगळलेलं असतं. हिवाळी खेळ, पिस्टवरून खाली आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टर आणि तुमच्याकडून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई, या चारही गोष्टी लिखित हव्यात. स्वित्झर्लंड किंवा फ्रान्समध्ये पिस्टवरून झोळीतून आणण्याचंही बिल येतं. पुढे कधी इटलीत गेलात तर तिथे 1 जानेवारी 2022 पासून स्की करणाऱ्याला दायित्व विमा सक्तीचा आहे, आणि 2025-26 च्या मोसमापासून हेल्मेटही सर्व वयांना.

पिस्टवरचे आंतरराष्ट्रीय नियम दहा आहेत, मुलीला त्यातले दोन पाठ करून न्या: पुढच्या, म्हणजे खालच्या माणसाचा हक्क पहिला, आणि थांबायचं ते कडेला, चढाच्या आड नाही. पिस्टच्या खांबांबाहेर एकही पाऊल नको, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. आणि लिफ्ट बंद झाल्यावर पिस्टवर फिरायला जाऊ नका, चांदणं कितीही सुंदर असलं तरी. रात्री बर्फ दाबणारी यंत्रं तीव्र चढावर पोलादी दोरीला बांधून चालतात. ती दोरी अंधारात दिसत नाही, ताणली की जमिनीपासून उसळते आणि जीव घेते. संध्याकाळच्या फेरफटक्याला आखलेल्या हिवाळी पायवाटा असतात, त्याच घ्या.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी स्की शाळेचं लेखी उत्तर, मग हॉटेल (रद्द करता येईल असं), मग व्हिसा, मग विमान. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढाचं शुल्क 90 युरो आहे. मार्चला जायचं असेल तर सप्टेंबरात शाळेला लिहा. दरम्यान निघण्याआधी निदान दीड महिना रोज जिने चढा आणि उठाबशा काढा, तुम्ही आणि मुलगी दोघींनी. सासूबाईंचे गुडघे आणि रक्तदाब दोन हजार मीटरच्या मुक्कामासाठी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्यांनी नाही म्हटलं तर आल्पबाखच्या तारखा बघा.